पाकिटावरचा रुपया

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला कॅसिनोत पैसे कसे सांभाळावेत हा लेख वाचला. सोमवारी पुन्हा वाचला, कारण रविवारी माझा आवाज चढला म्हणून सौ.ने पेपर काढून घेतला होता.

लेखकमहाशय ज्याला 'बँकरोल' म्हणतात त्याला आमच्या सांगलीत गल्ला म्हणतात. पतसंस्थेच्या काउंटरवर मी ३१ वर्षं गल्ला सांभाळला. संध्याकाळी रुपयाचा फरक आला तर तो सापडेपर्यंत घरी जात नव्हतो. त्यामुळे गल्ल्याचे पाच भाग करा, एका डावाला एक टक्क्याहून जास्त लावू नका, भाग संपला की उठा, हे ज्ञान मला नवीन नाही. मी ते करून बसलोय.

दोन वर्षांपूर्वी मेहुण्यांच्या बेदाणावाल्या मंडळींबरोबर पणजीला गेलो होतो. मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर. ५,००० रुपये, पाच पाकिटं. घरात आहेराचीच पाकिटं होती, रुपया चिकटवलेली. त्यांवर बॉलपेनने १ ते ५ आकडे घातले आणि पाचव्यावर 'उघडू नये' असं ठळक लिहिलं. तिकिटाबरोबर मिळालेल्या चिप्स (पैशाऐवजीच्या चकत्या) नुसत्या डावावर लावायच्या, त्यांचे रोख पैसे मिळत नाहीत, हे आत गेल्यावर कळलं. असो.

स्लॉटच्या यंत्राला (बटण दाबलं की चित्रं फिरतात ते) मी २० रुपयांची फिरकी धरली, म्हणजे आपल्या ५,००० च्या एक टक्क्याच्या निम्म्याहून कमी. पहिलं पाकीट २५ मिनिटांत रिकामं.

आता लेखातलं ते वाक्य: यंत्र ९६ टक्के परत देतं, म्हणजे १,००० रुपयांत ४० रुपयांची करमणूक! पतसंस्थेत कुणी असा हिशेब लिहिला असता तर ऑडिटरने वही तोंडावर फेकली असती. ते ४ टक्के खिशातल्या पैशावर नसतात हो, प्रत्येक फिरकीवर असतात. मी घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला दहा फिरक्या. तासाला ६००. खिशात हजारच असेना का, तेच पैसे फिरून फिरून तासात १२,००० रुपये यंत्रातून जातात. त्याचे ४ टक्के ४८० झाले. आणि ही सरासरी लाखो फिरक्यांची, माझ्यासारख्या अडीचशेवाल्याची नव्हे. शेजारचे गृहस्थ 'यंत्र तापलंय, आता देणार' म्हणून उठत नव्हते. यंत्राला मागची फिरकी आठवत नसते, ही एक ओळ लेखात घालायला काय हरकत होती?

'लाइव्ह खेळात (यंत्र नाही, माणूस चालवतो त्यात) डोकं चालवता येतं' म्हणे. आमच्या मेहुण्यांनी चालवलं. रूलेटवर, म्हणजे गोळी टाकून फिरवायच्या लाल-काळ्या घरांच्या चाकावर, लाल धरलं, हरले की दुप्पट. १००, २००, ४०० करत ६,४०० पर्यंत गेले. सहा वेळा काळं आलं, सातव्यांदा हिरवं शून्य, म्हणजे तेही हरणंच. एकूण १२,७०० गेले. आठवा डाव १२,८०० चा हवा होता आणि टेबलावरच्या पाटीवर जास्तीत जास्त १०,००० लिहिलेलं. एवढा खटाटोप कशासाठी, तर जिंकले असते तर निव्वळ १०० रुपये मिळणार होते! ३७ घरांच्या चाकावर असं साधारण शंभरात एकदा होतं. त्यांना ते पहिल्याच रात्री झालं.

मी हसलो. त्यानंतर पाऊण तासाने रात्री दीड वाजता मी 'उघडू नये' उघडलं. दुसऱ्या पाकिटाचे मध्ये १,४०० झाले होते, तेव्हाही उठलो नव्हतो. घरी आणलं काय, तर पाकिटांवरचे पाच रुपये. सौ.ने ते सोलून देवापुढच्या डबीत टाकले, बोलली काही नाही. त्यापेक्षा बोलली असती तर बरं.

बरं, जिंकलात तर सरळ ३० टक्के आयकर, आणि त्यातून हरलेले पैसे वजा करता येत नाहीत. याचा लेखात पत्ता नाही. मोबाईलवरच्या 'लाइव्ह डीलर'साठी (कॅमेऱ्यासमोर बसून डाव खेळवणारा माणूस) मात्र अर्धा स्तंभ. संसदेने २०२५ साली ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदीचा कायदा मंजूर केला, ही बातमी बहुधा आपल्याच पेपरात पहिल्या पानावर होती. पुरवणीवाले पहिलं पान वाचत नसावेत.

जाता जाता, या लेखमालेला जागा करायला हळदीचे भाव काढून टाकलेत ते परत सुरू करा. परवा सांगलीत बसून मला राजापुरीचा भाव कोल्हापूरच्या व्याह्यांना फोन करून विचारावा लागला. ते अजून हसताहेत.

आपला,
एक जुना वाचक, खणभाग, सांगली