बांधावरून पत्र

तीर्थरूप आई-बाबा यांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

गौरी यायच्या आदल्या रात्री फोनवर मी जे बोलले, ते अजून मनातून जात नाही. "आई, आपल्यात थोडी बाउंड्री हवी," असं मी म्हटलं आणि तू "बरं" म्हणून फोन ठेवलास. तेव्हापासून तुझा फोन रविवारीच येतो, आणि तोही "बोलू का, वेळ आहे ना?" असं विचारून. ते ऐकलं की पोटात तुटतं.

आमच्या ऑफिसात हा शब्द सारखा कानावर पडतो. रात्री साहेबांचा फोन उचलायचा नाही, ती बाउंड्री. मैत्रिणीला उसने पैसे द्यायला नाही म्हणायचं, तीही बाउंड्री. आपल्या घरात मात्र तो बाबांच्या क्रिकेटपुरता: टप्पा पडून दोरीला लागला की चार, वरून गेला की सहा. तुला वाटलं असणार, लेकीनं आतून कडी घातली.

आधी मराठीत विचार केला असता तर नीट बोलता आलं असतं. गावाची शीव, परसाचं कुंपण, खरेदीखतातली चतुःसीमा, वागण्यातली मर्यादा. हद्द तर पोलीस ठाण्यालाही असते आणि तू माझ्यावर चिडलीस की "हद्द झाली बाई हिची" म्हणतेस तेव्हाही. मी रोज उतरते त्या शीव स्टेशनचं नावही तेच. मुंबईचं बेट इथं संपायचं आणि खाडीपलीकडे पोर्तुगिजांचं साष्टी बेट सुरू व्हायचं, म्हणून इंग्रजांनी इथल्या टेकडीवर किल्ला बांधला. १७३७ ला साष्टी मराठ्यांनी घेतली, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी. सीमा गेली, नाव तेवढं राहिलं.

या सगळ्यांतला बांध माझ्या मनात होता. आपला विहिरीकडचा. त्यावर बसून आपण भाकरी खाल्ली, शेजारच्या काकूंनी त्यावरूनच पलीकडून कांदा दिला. त्यावरचं गवत दोन्ही घरच्या म्हशींनी खाल्लं. बांध आहे म्हणून पावसाचं पाणी रानात मुरतं, माती वाहून जात नाही. आणि कुणी दरवर्षी नांगराचं एक-एक तास आत घालून तो कोरायला लागला की काय होतं, हे बाबांना मी काय सांगणार? शेजारच्या बांधाच्या भांडणापायी आठ वर्षं झोप नाही त्यांना.

आई, माझा दवाखान्याचा रिपोर्ट तू आत्याला सांगितलास, तेव्हा मला तसंच झालं. तू काळजीनंच सांगितलंस, हे मला माहीत आहे. पण तिसऱ्या दिवशी सगळ्या भावकीला कळलं होतं आणि लग्नात ज्यांचं तोंडही नीट पाहिलं नव्हतं, त्या बायका मला मुलाबद्दल विचारत होत्या. ते दुःख आधी मला एकटीला थोडं बघायचं होतं. तुला सांगितलं ते तू आई म्हणून. एवढंच त्या रात्री म्हणायचं होतं, आणि मी भलताच शब्द तुझ्यापुढं टाकला.

बाबा, आता तुमचं. दिवाळीत मी अंगणात कॅमेरा लावला. तुमच्या काळजीनं लावला, पण विचारलं नाही. दुपारी जेवताना मी तुम्हाला बघायची: आई धान्य निवडतेय, तुम्ही बाजेवर पडलाय. एक दिवस कॅमेऱ्यापुढं सगळा अंधार. तुम्ही त्याच्यावर टोपी अडकवली होती. मला राग आला होता, खरंच. "यांना यांचं भलं कळत नाही," असं ह्यांना म्हणालेसुद्धा. आता कळतं, बांध मीही कोरत होते. आपल्याच अंगणात माणसाला सदरा काढून बसता येऊ नये? कॅमेरा काढून ठेवा. ठेवायचाच असेल तर गोठ्याकडे वळवा, तेही तुम्हा दोघांना पटलं तर.

आई, फोन कधीही कर. ऑफिसात उचलता आला नाही तर संध्याकाळी सातनंतर मीच करीन, आणि "वेळ आहे का" विचारू नकोस. माझ्या अंगातलं, दवाखान्यातलं काही सांगितलं तर ते तुझ्यापाशी राहू दे. बाबांना सांगितलंस तरी चालेल.

रानाच्या सरकारी मोजणीची तारीख लागली की लगेच कळवा. मी रजा टाकून येते. मोजणीदार हद्दीच्या खुणा दाखवतील तेव्हा बाबांबरोबर मला उभं राहायचं आहे. दगड रोवून झाले की काकूंना चहाला बोलावू या का? भांडण त्यांच्या थोरल्या मुलाशी आहे, त्यांच्याशी कधीच नव्हतं.

तुमची,
ताई