पंप बदलण्याआधी ट्रॅपकडे बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दूध डेअरी, वसतिगृहाचे स्वयंपाकघर, कापडाची रंगाई अशा ठिकाणी वाफेच्या बॉयलरवरच एक्स्चेंजर (वाफेची उष्णता धातूच्या पातळ प्लेटांमधून पाण्याला देणारे उपकरण) बसवून गरम पाण्याची फिरती लाइन काढलेली असते. जळगाव-भुसावळकडे अशा लाइनची एक तक्रार ऐन मे महिन्यात डोके वर काढते: पाणी घटकेत 85 अंश, घटकेत 50, आणि पाइपांत घणाचे ठोके. थंडीत हीच लाइन मुकाट चाललेली असते, त्यामुळे मालक चक्रावतो आणि पहिला पंप उतरवला जातो. त्या बिचाऱ्याचा बहुधा काही दोष नसतो.

तासाला 1000 लिटर पाणी 20 अंशांवरून 70 वर न्यायला 50,000 किलोकॅलरी, म्हणजे साधारण 100 किलो वाफ लागते. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी 40 अंशांचे आले तर 60 किलोत भागते. काम कमी झाले की तापमानाचा व्हॉल्व्ह वाफ आवळतो आणि एक्स्चेंजरमधला दाब 3 किलोवरून (दर चौरस सेंटिमीटरला) उतरत शून्याला, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाला टेकतो. आतली वाफ 80 अंशांवर आली तर तिथे चक्क निर्वात ओढ तयार होते. इकडे कंडेन्सेट, म्हणजे वाफेचे झालेले पाणी, ट्रॅपमधून (वाफ अडवून पाणीच सोडणारा व्हॉल्व्ह) बाहेर पडते, पण त्याचा पाइप मात्र चार मीटर उंच फीड टँककडे (बॉयलरला पाणी देणाऱ्या टाकीकडे) चढवलेला असतो. तेवढे चढायला 0.4 किलो दाब हवा, तो मागे उरलेलाच नसतो. पाणी आत साचते, प्लेटांचा खालचा भाग बुडतो, लाइन थंड पडते, व्हॉल्व्ह पुन्हा उघडतो आणि ताजी वाफ साचलेल्या पाण्यावर आदळते. ऐकू येतात ते ठोके याचेच.

खात्री करायला दोनच गोष्टी लागतात: कंट्रोल व्हॉल्व्हच्या पुढे, एक्स्चेंजरच्या तोंडाशी एक प्रेशर गेज आणि ट्रॅपच्या अलीकडे पाइपवर तापमापक. गेज शून्याजवळ आणि ट्रॅपआधीचा पाइप कोमट, तर एक्स्चेंजर बुडालेला आहे. गेज 3 किलो दाखवतो, ट्रॅप कडक गरम आहे आणि तरीही पाणी तापत नाही, तर प्लेटांवर क्षार चढला असे समजावे. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याला सॉफ्टनर (क्षार काढणारे यंत्र) लावावा. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्यात नेहमी 10 अंशांचा फरक असायचा तो 25 झाला, तर प्रवाह कमी पडतोय. आधी स्ट्रेनर (पाइपातली गाळणी) उघडा, मग सर्वांत उंच जागी अडकलेली हवा काढा. पंपाची पाळी त्यानंतर.

बुडण्यावर उपाय असा. ट्रॅप एक्स्चेंजरच्या तळापासून किमान 450 मिलिमीटर खाली घ्यावा. तो बॉल फ्लोट जातीचा हवा. चकतीचा ट्रॅप इतक्या कमी दाबावर नीट चालत नाही, पण स्वस्त म्हणून तोच लावलेला सापडतो. वाफेच्या तोंडाशी व्हॅक्युम ब्रेकर (आत निर्वात झाले की बाहेरची हवा आत घेणारा व्हॉल्व्ह) बसवावा. ट्रॅपपुढचा पाइप कुठेही न चढवता उताराने, वर हवा सुटणाऱ्या छोट्या टाकीत सोडावा आणि तिथून पंपाने फीड टँकला द्यावा. ही टाकी पंपापेक्षा जमेल तितकी उंच ठेवा. कंडेन्सेट जवळजवळ उकळते असते. वरून पुरेसा दाब नसला की पंपातच वाफ धरते आणि खडखडाट सुरू होतो. दोन एक्स्चेंजरना मिळून एकच ट्रॅप कधीही नको.

पाणी प्रसरण पावते हे नवी लाइन टाकणारे विसरतात. 30 वरून 80 अंशांपर्यंत 1000 लिटरचे जवळपास 25 लिटर वाढतात. आत येणाऱ्या पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे न जाऊ देणारा) असेल आणि पहाटे सगळे नळ बंद असतील, तर हे पाणी जाणार कुठे? एक्स्पान्शन टँक आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन्ही हवेत. फीड टँक आपोआप ओसंडू लागला तर प्लेट फुटल्याचा संशय घ्यावा. रात्री लाइन थंड झाल्यावर वाफ, नळ आणि भरणीचा व्हॉल्व्ह बंद करून लाइनचा दाब टिपा. बाहेर कुठे थेंब नसताना सकाळपर्यंत तो उतरला असेल, तर पाणी वाफेच्या बाजूला झिरपते आहे. ते कच्चे पाणी शेवटी बॉयलरच्या नळ्यांवर क्षार चढवते.

काही जण एक्स्चेंजरचा खर्च वाचवायला थेट बॉयलरच्या पोटातून पाण्याची लाइन काढतात. 7 किलोवर ते पाणी 170 अंशांचे असते. बाहेर पडताक्षणी त्याचा काही भाग वाफ होऊन उसळतो. शिवाय त्यात बॉयलरची रसायने असतात, त्याने दुधाचे कॅन धुवायचे नसतात. कायदा 1923 चा घ्या की त्याच्या जागी आलेला 2025 चा, बॉयलरच्या रचनेत बदल करायला आधी मंजुरी लागते. वेल्डिंगवाल्याला बोलावण्याआधी बॉयलर निरीक्षकांच्या कार्यालयात जाऊन यावे.

आपला,
एक बॉयलर चालक, जळगाव