लाल झोताने तेलात आयन होत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विज्ञान दिनाला नातीबरोबर नाशिकरोडच्या एका शाळेतले प्रदर्शन पाहिले. बरणीत गोडेतेल, त्यातून लाल लेसर पॉइंटरचा झोत आणि शेजारी पुठ्ठा : ‘लेसरच्या उष्णतेने तेलात आयन (विद्युतभारित कण) बनतात.’ मुले इतक्या हौशीने सांगत होती की तिथे टोकवले नाही. पण पुठ्ठा कुणा मोठ्याने तपासलाच असेल, म्हणून हे पत्र.

सातपूरच्या कारखान्यात मी तीस वर्षे ट्रान्सफॉर्मरचे तेल तपासले. कपात दोन इलेक्ट्रोड, मधे अडीच मिलिमीटरची फट. व्होल्टेज चढवत न्यायचे. चांगले तेल ६० किलोव्होल्टलाही गप्प, ओल धरलेले तिशीतच ‘तड्’ करते. अशा तेलात सुटे आयन नसल्यातच जमा असतात.

लेसरने ते बनवता येतात, पण उष्णतेने नव्हे. हेक्झेन या तेलासारख्याच द्रवाच्या रेणूतून इलेक्ट्रॉन उपटायला वायूत १० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर ऊर्जा लागते. द्रवात थोडी कमी. लाल पॉइंटरच्या फोटॉनकडे, म्हणजे प्रकाशकणाकडे, जेमतेम १.९. उलट २४८ नॅनोमीटरच्या अतिनील लेसरचा फोटॉन ५ चा, आणि झोत पुरेसा तीव्र असेल तर एकच रेणू असे दोन फोटॉन गिळतो. झोत दुप्पट केला की आयन चौपट, ही त्याची खूण. दोन फोटॉन एकदम शोषले जातील हे मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ मध्येच मांडले होते. पडताळा १९६१ मध्ये मिळाला, कारण लेसरच १९६० चा!

खरी गंमत पुढेच आहे. निर्वातापेक्षा पाण्यात धन आणि ऋण कण एकमेकांना सुमारे ऐंशीपट कमी ओढतात, तेलात जेमतेम दुप्पट कमी. त्यामुळे तेलातला इलेक्ट्रॉन आपल्या आयनापासून साधारण २५ नॅनोमीटर दूर गेला नाही, तर बहुधा माघारी ओढला जातो. पाण्यात हेच अंतर एक नॅनोमीटरही नाही. म्हणून प्रयोगात द्रवाच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या लावून जबर व्होल्टेज देतात आणि निसटलेल्यांचा इवलासा प्रवाह मोजतात. बाकीचे निमिषभरात पुन्हा जोडलेले असतात.

शाळेने पुठ्ठा बदलावा. पॉइंटर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर होता, तोही खाली घ्यावा.

– एक निवृत्त तेल-तपासनीस, इंदिरानगर, नाशिक