९ तारखेनंतर पाण्यात नाही

नील, शहीद द्वीप, अंदमान

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

परवा फोन दोनदा तुटला आणि आईने ‘ठीक आहे’ म्हणून ठेवून दिला. त्या ‘ठीक आहे’चा अर्थ मला कळतो, म्हणून लिहायला बसले.

मे महिन्यापर्यंत मी इथेच राहणार आहे, डाईव्हमास्टर म्हणून, म्हणजे लोकांना समुद्राखाली घेऊन जाणारी. होकार कळवून झालाय. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. बाबांच्या मोतीबिंदूची तारीख ठरू दे, मग सांगू, असं म्हणत राहिले आणि उशीर झाला. चुकलं माझं.

आजी असती तर ‘पोर काळ्या पाण्यावर गेली’ म्हणाली असती. पण नील हे शेतीचं बेट आहे. पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांनी वसवलेलं. इथली भाजी बोटीने पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) जाते, म्हणजे आई, दुधी, वांगी, पालेभाजी मला तुझ्याहून ताजी मिळते. तांदूळ जाड आहे, पण सवय झाली. गोडा मसाला अर्धी बरणी शिल्लक आहे. मेतकूट संपत आलंय तरी पार्सल करू नकोस, मी येईन तेव्हा घेऊन जाईन. खोलीला जाळी आहे, मच्छरदाणी आहे, दाराला आतून दोन कड्या आहेत. बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्रही आहे.

आता पाण्याचं. आई, पाठीवर असतो तो ऑक्सिजनचा सिलिंडर नव्हे. आपण घरात घेतो तीच हवा, गाळून आणि दाबून भरलेली. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतीच्या हवेचा दाब) साधारण २२०० लिटर मावते. वर बसून मिनिटाला २० लिटर लागत असेल तर २० मीटरवर तिप्पट लागते, कारण तिथे दाब तिप्पट असतो. ५० बार राखून ठेवायचे, ते हिशेबात धरायचेच नाहीत. म्हणजे तेवढ्या खोलीवर २७ मिनिटं. हा हिशेब मी बोटीतच करते, माझा आणि सोबत येणाऱ्या प्रत्येकाचा.

उतरण्याआधी रेग्युलेटरमधून, म्हणजे ज्यातून तोंडाने हवा घेतो त्यातून, चार श्वास घेताना नजर दाबाच्या काट्यावर ठेवायची. श्वासागणिक काटा खाली झुकला, तर सिलिंडरची तोटी पूर्ण उघडलेली नाही. वर सगळं ठीक वाटतं आणि खोल गेल्यावर हवा अपुरी पडते. हवेला तेलाचा वास आला तर तो सिलिंडर बाजूला, कारण कॉम्प्रेसरने धूर ओढलेला असू शकतो. हौशी माणसं घाई करतात ती इथेच, आणि मग दोष समुद्राला देतात. प्रत्येकाकडे जोडीदारासाठी एक जादा रेग्युलेटरही असतं. जोडीदार दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधायचं, नाही सापडला तर दोघांनीही सावकाश वर यायचं. आणि श्वास कधीही रोखायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते, तिला वाट हवी.

सर्दी असेल तर मी उतरत नाही. गोळी घेऊन नाक मोकळं करून उतरणं जास्त वाईट. गोळीचा अंमल पाण्याखालीच ओसरला, तर वर येताना कानातली हवा अडकते. बाबा, विहिरीत पाठीला डबा बांधून सोडायचात तेव्हा तुम्ही विचारायचात, ‘कान दुखतो का गं?’ इथे दर मीटरभर खाली गेलं की मी स्वतःला तेच विचारते. दुखण्याआधी नाक धरून फुंकर मारते. कान मोकळा झाला नाही तर थोडं वर, तरीही नाही तर परत बोटीत.

आता जे फोनवर बोलता आलं नाही ते.

खोल पाण्यात दाबामुळे हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो. तो हळूहळूच बाहेर पडला पाहिजे. आई, तू वाफ जिरल्याशिवाय कुकर उघडत नाहीस, तसं. म्हणून वर यायचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत, आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं. पण वर आल्यावरही थोडा नायट्रोजन उरतो, आणि विमानातली हवा महाबळेश्वरापेक्षाही विरळ असते. लागोपाठ डाईव्ह केले असतील तर शेवटच्या डाईव्हनंतर किमान १८ तास विमानात बसता येत नाही. बसलं तर उरलेल्या वायूचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, कधी पायातली ताकद जाते. त्यात इथून आधी बोट, आणि समुद्र खवळला की बोट रद्द.

म्हणजे तुमचा फोन आला आणि मी त्याच दिवशी निघाले, असं बहुतेक होणार नाही. दोन दिवस लागतील, कधी तीन. हे लपवून मला इथे राहता येणार नाही. म्हणून दादाशी बोलले आहे. पुण्याहून तो अडीच तासांत पोचतो. काही झालं तर फोन आधी त्याला, मग मला. मी त्रास करून घेईन म्हणून मला उशिरा कळवायचं, हे मात्र चालणार नाही.

बाबांचं ऑपरेशन १२ जानेवारीला. माझा शेवटचा डाईव्ह ९ ला दुपारी. हिशेबाने १० ला सकाळी विमान चाललं असतं, पण बोटीचा भरवसा नाही म्हणून १० ला बोट आणि ११ ला विमान ठेवलंय. चेन्नईमार्गे पुणे, रात्री उशिरा साताऱ्यात. जागे राहू नका, किल्ली शेजारी ठेवा. मी दहा दिवस आहे.

तोवर एवढं करा. बाबा, प्रोस्टेटची गोळी घेता हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधीच सांगा. त्या गोळीने ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी होत नाही, आणि आधी माहीत असेल तर ते तशी तयारी ठेवतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. बीपीची आणि रक्त पातळ होण्याची गोळीही विचारल्याशिवाय थांबवायची नाही. आई, तू माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढायचं नाही. मी आल्यावर काढू.

आणि नंतरचे थेंब मीच घालणार आहे. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची असतात, आणि तुम्ही दोघं एकामागून एक घालून मोकळे व्हाल.

तुमची,
मनू

ता. क. बाबांना पाण्यात उतरवणार नाही, आई, शपथ. पण मार्चमध्ये डॉक्टर हो म्हणाले तर दोघं या. भरतपूरच्या किनाऱ्यावर काचेच्या तळाची होडी मिळते. बसल्या जागी प्रवाळ दिसतं.