दुखणं दारात होतं: सक्करदऱ्याच्या मिस्त्रीकाकांना पत्र

प्रिय काका,

त्या दिवशी गॅरेजमध्ये तुमचे आभार मानायचेच राहिले. मी काही बोलेपर्यंत तुम्ही हात पुसत पुढच्या गाडीकडे गेला होतात. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. घरात जुनी ऑटोमॅटिक गाडी असलेल्या कुणावर माझ्यासारखी वेळ आली, तर त्यालाही याचा उपयोग होईल.

बाबांची 300 डी मर्सिडीज 1982 सालची. ते गेल्यापासून मीच चालवते. मार्चपासून ती दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना असा दणका द्यायची, की मागे बसलेली आई पुढची सीट घट्ट धरायची. लिव्हर ‘पी’ (पार्क)वरून ‘डी’ (ड्राइव्ह)वर टाकलं की खालून धप्प आवाज. अजनी चौकातला सिग्नल हिरवा होऊच नये असं वाटायचं.

आधी एका वर्कशॉपमध्ये दाखवली. त्यांनी गिअरबॉक्सकडे जाणारी अॅक्सिलरेटरची केबल आवळली. दणका तसाच राहिला, वर गिअर उशिरा पडायला लागले. मग म्हणाले, गिअरबॉक्स उतरवून खोलावा लागेल, 90 हजारांच्या वर खर्च येईल, पार्ट मिळतील याचीही खात्री नाही. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. गाडी विकून टाकू, असं मी आईजवळ बोललेही होते.

तुम्ही मात्र आल्याबरोबर मला चक्कर मारून यायला पाठवलंत. गिअरबॉक्सचं ऑईल पुरतं तापल्याशिवाय डिपस्टिकचं माप खरं नाही, म्हणालात. मग सपाट जागा, लिव्हर ‘पी’त आणि इंजिन चालूच. पुसायला धागे न सोडणारं फडकं घेतलंत, कारण एखादा धागाही आतल्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकू शकतो. थेंब बोटांवर चोळून वास घेतलात, मलाही घ्यायला लावलात. “लाल आहे, जळका वास नाही. खोलायच्या गोष्टी काहून करून रायल्या, ताई?”

मग म्हणालात, “आता बंद करा.” मी किल्ली फिरवली. इंजिन तीन-चार सेकंद धडधडत राहिलं आणि मग थांबलं. मला त्याची इतकी सवय झाली होती, की वर्कशॉपमध्येही मी ते सांगितलं नव्हतं. तुम्ही मात्र तिथल्या तिथे वळून पाहिलंत.

पुढची दहा मिनिटं तुम्ही जे समजावलंत, ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. डिझेल इंजिनात पेट्रोलच्या गाडीसारखा व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, आपोआप मिळत नाही, म्हणून त्याला वेगळा पंप असतो. या गाडीत ब्रेकचा बूस्टर त्याच पंपावर, किल्ली फिरवल्यावर इंजिन बंद होणं त्याच्यावर आणि दारांची लॉकही त्याच्यावरच. अॅक्सिलरेटर किती दाबलाय हेही गिअरबॉक्सला त्या व्हॅक्यूमवरूनच कळतं. व्हॅक्यूम कमी पडला, की पाय पूर्ण दाबलाय असं धरून तो आतलं प्रेशर वाढवतो, आणि साध्या चालीतही गिअर आपटून पडतो. इंजिन बंद व्हायला लागणारा वेळ आणि गिअरचा दणका, दोन्ही एकाच दुखण्याची लक्षणं होती.

व्हॅक्यूम तपासायचा तुमचा तो काट्याचा हातपंप अजून डोळ्यांसमोर आहे. आधी पंपाकडून येणारी मेन लाइन, काटा ठीक. मग गिअरबॉक्सचा मॉड्युलेटर, म्हणजे व्हॅक्यूम ओळखून आतलं प्रेशर ठरवणारा भाग, काटा चढला आणि जागचा हलला नाही, म्हणजे आतला पडदा शाबूत. दारांकडे जाणाऱ्या पाइपला लावला आणि काटा भसकन खाली आला! मे महिन्याची दुपार, वर तापलेला पत्रा, आणि तुम्ही मागच्या डाव्या दाराचं पॅड एकही क्लिप न तोडता काढलंत. लॉकचं रबर बोटांनी ताणलंत, तशी तांदळाच्या दाण्याएवढी भेग उघडली. चाळीस वर्षांचं रबर ते.

त्या दाराचा पाइप तुम्ही बारीक बोल्ट घालून बंद केलात, आवळलेली केबल पुन्हा जागेवर आणलीत आणि मला उमरेड रोडला पाठवलंत. तिसरा गिअर पडला हे इंजिनाचा आवाज उतरला म्हणून कळलं. मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून थोडा वेळ नुसती बसून राहिले. बाबा चालवायचे तेव्हा ती अशीच चालायची.

तीन तासांच्या कामाचे तुम्ही 800 रुपये घेतलेत. काका, तुम्हाला गिअरबॉक्स खोलायला सांगता आलं असतं आणि मी हो म्हटलं असतं. हे मी विसरणार नाही.

नवं रबर दिल्लीच्या काश्मिरी गेटहून आलंय. बुधवारी सकाळी येते. या वेळी दाराचं पॅड मी काढणार आहे, तुम्ही फक्त शेजारी उभे राहा. आईनं तुमच्यासाठी कैरीच्या लोणच्याची बरणी भरून ठेवली आहे.

तुमची,
300 डीवाली ताई
धंतोली, नागपूर