दोष उशिराचा नव्हे, तारखेचा

‘नव्या रोलर कोस्टरचे काम पुन्हा रखडले’ ही बातमी वाचली. तीत विलंबाबद्दल उद्यानाच्या व्यवस्थापनाला धारेवर धरले आहे. माझ्या मते रोख चुकला आहे. रुळांचा शेवटचा तुकडा बसला की बाहेरून सगळे तयार दिसते, पण वेळखाऊ काम तिथूनच सुरू होते. पाणी भरलेले पुतळे आसनांवर बसवून गाडी पुन्हा पुन्हा फिरवतात. थंडीत किंवा समोरच्या वाऱ्यात वेग कमी पडला, तर गाडी चढ न ओलांडता मागे येऊ शकते. ही गणिते आराखड्यात आधीच मांडलेली असतात, तरी प्रत्यक्ष पडताळावीच लागतात.

अमेरिकेतील सीडर पॉइंट या मनोरंजन उद्यानात ‘टॉप थ्रिल २’ हा रोलर कोस्टर मे २०२४ मध्ये सुरू झाला आणि जेमतेम आठवडाभरात बंद पडला. गाड्यांमध्ये यांत्रिक फेरफार करावे लागले. प्रवाशांसाठी तो पुन्हा खुला व्हायला २०२५ साल उजाडले. घाईने उघडून वर्षभर कुलूप लावण्यापेक्षा उशिरा उघडणे केव्हाही परवडले.

आक्षेप घ्यायचाच, तर चाचण्या संपण्याआधीच उद्घाटनाच्या तारखेचे फलक झळकवण्यावर आणि त्या भरवशावर हंगामी पास विकण्यावर घ्यावा. तारीख पुढे गेली. पासधारकांना पैसे परत मिळणार की मुदत वाढवून मिळणार, याचा बातमीत उल्लेखही नाही. बातमीदाराने व्यवस्थापनाला तेवढे तरी विचारायला हवे होते.