दोन सेकंद गेलेली वीज

माननीय मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

चवथीपूर्वी आमच्या औद्योगिक वसाहतीला स्वतंत्र फीडर, म्हणजे उपकेंद्रातून थेट येणारी वेगळी वीजवाहिनी, देतो, असा शब्द आपण दिला होता. चवथ झाली, दिवाळीही झाली. काल रात्री वीज दोन सेकंद गेली आणि पाच बीओडी इन्क्युबेटरांची, म्हणजे पाण्याचे नमुने ठरावीक तापमानाला ठेवणाऱ्या कपाटांची, चाचणी वाया गेली.

आम्ही मोठ्या ब्रँडना प्रयोगशाळेची उपकरणं करारावर बनवून देतो. साळ नदीच्या पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात ते, काढायचा तर नमुना 27 अंशांवर तीन दिवस ठेवावा लागतो. म्हणून प्रत्येक यंत्रात आठ कोपरे आणि मध्य अशा नऊ जागी सेन्सर लावून आम्ही 24 तास तापमान नोंदवतो. अर्ध्या अंशाहून जास्त फरक चालत नाही. वीज क्षणभर गेली की कॉम्प्रेसर थांबतो आणि गॅसचा दाब उतरण्याआधीच परत सुरू व्हायला बघतो. नुसता गुरगुरतो, वाइंडिंग तापतं, ओव्हरलोड ट्रिप होतो. तीन मिनिटांचा डिले टायमर लावला तर कॉम्प्रेसर वाचतो, पण आलेखात उंचवटा येतो आणि ब्रँडचा निरीक्षक तो घेत नाही. चाचणी पुन्हा पहिल्यापासून.

जनरेटर घ्या, असं कृपया सांगू नका. तो लोड घेईपर्यंत नुकसान झालेलं असतं. यूपीएसवर तापमान नोंदवणारा लॉगर तेवढा चालतो. कॉम्प्रेसर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढतो, तेवढा यूपीएस करारातल्या दरात बसत नाही. उशिराचा दंड मात्र दर आठवड्याला अर्धा टक्का. यंत्रावर नाव ब्रँडचं, दंड आमच्या खिशातून.

आणि आपल्या दफ्तरी काल वीज गेलीच नाही! 2020 च्या वीज ग्राहक हक्क नियमांत किती मिनिटांपुढचा खंड मोजायचा ते वीज नियामक आयोग ठरवतो. सेकंदांना वाली नाही. लघुउद्योगांचे पैसे 45 दिवसांत द्यावेत, हा कायदा 2006 पासून आहे. तोही आम्हीच पाठ करायचा, आणि मागायला गेलो तर पुढची ऑर्डर गमवायची. उद्योग वाढवा म्हणता, तो कशाच्या जोरावर वाढवायचा?

फीडरची तारीख लेखी द्या. तोवर लाइनवर टेकलेल्या फांद्या छाटा आणि शटडाउन दोन दिवस आधी कळवा. पाचही यंत्रं आज संध्याकाळी सहाला पुन्हा लावतो आहोत. उद्या सहापर्यंत वीज जाऊ देऊ नका.

आपले,
वसाहतीतले लघुउद्योजक, गोवा